आधी बाही वर करून बघा

सांगलीच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर चार दिवस एकच वाद चाललाय. मिरजेच्या एका केअर सेंटरमध्ये ठेवलेल्या, डिमेन्शिया झालेल्या आजींच्या दंडावर काळेनिळे डाग दिसले. थोरल्या काकांचा निवाडा असा: "आईला बाहेर ठेवलं की असंच होणार." दोष लेकीचा. डाग नेमके कुठे होते, हे कुणी विचारलंच नाही.

सगळं तिथेच तर कळतं! नडगीवर किंवा मनगटाच्या मागे डाग असेल तर पलंगाची कड लागलेली असू शकते. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर जरा धक्का लागला तरी काळंनिळं पडतं. पण दंडाच्या आतल्या बाजूला ओळीने तीन-चार ठिपके आणि पलीकडून एक, म्हणजे कुणीतरी घट्ट धरलंय. दोन्ही मनगटांना सारखाच वळ असेल तर बांधलं होतं का, हे तोंडावर विचारा. फोटोत डागाशेजारी रुपयाचं नाणं ठेवा, तारीख-वेळ लिहा. आजी जे बोलल्या ते त्यांच्याच शब्दांत लिहा. विसरतात म्हणून खोटं सांगतात असं नाही.

कालपर्यंत बोलणारं माणूस दिवसभर गुंगीत असेल तर औषधांचा कागद मागा. क्वेटियापिन, हॅलोपेरिडॉल अशी मानसिक आजारावरची, गुंगी आणणारी औषधं नव्याने सुरू केलीत का, कुणाच्या सहीने? डिमेन्शिया झालेल्या वृद्धांचा मृत्यूचा धोका अशा औषधांनी वाढतो, हा इशारा अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २००५ आणि २००८ साली दिलाय. मात्र लघवीच्या इन्फेक्शननेही माणूस दोन दिवसांत असाच बदलतो, म्हणून आधी लघवी तपासा. अंथरुणाला खिळलेल्यांची टाच आणि माकडहाड बघा. कूस वेळेवर बदलली नाही की बेडसोर तिथेच होतो.

इथे इंग्लंडमध्ये लीसेस्टरला सीक्यूसीचं, म्हणजे केअर सेंटर तपासणाऱ्या सरकारी संस्थेचं, रेटिंग दारातच लावलेलं असतं. संशय आला की इथल्या काउन्सिलला, म्हणजे स्थानिक प्रशासनाला फोन. २०१४ च्या केअर ॲक्टखाली त्यांना दखल घ्यावीच लागते. मारहाण इथेही होते, पण "मुलं कुठे होती?" हा पहिला प्रश्न नसतो. आपल्याकडच्या, आई-वडील आणि ज्येष्ठांसाठीच्या २००७ च्या कायद्याचाही भर मुलांनी सांभाळण्यावरच. १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन ग्रुपवर एकानेही टाकली नाही.

"मुलं कुठे होती?" हा प्रश्न मलाही लागतो, आणि "तिकडे बसून शिकवू नका" हेही. मी तिथे नाही, हे खरंच आहे. पण काका, तुम्ही तर अर्ध्या तासावर आहात. उद्या जेवणाच्या वेळी, न कळवता जा.