प्रस्तुत संशोधक आणि चहाचा कप

बँकेतून निवृत्त होऊन सहा महिने झाले आणि माझा घरात फार व्यत्यय होतो, असं एकमताने ठरलं. त्या सभेला मी हजर नव्हतो. दुसऱ्या दिवशी लेकीने एम.ए. इतिहासाचा फॉर्म आणून पुढ्यात ठेवला. "बाबा, तुला इतिहास आवडतो ना?" मला दुपारची झोप आवडते, पण त्याचा अभ्यासक्रम कुठे निघालेला नाही.

पहिल्या परीक्षेपर्यंत मी शाळेतलीच पद्धत वापरली: वाचायचं आणि महत्त्वाच्या ओळीवर पिवळा मार्कर फिरवायचा. चाळीस वर्षांनी वाचायला बसलेल्या माणसाला सगळंच महत्त्वाचं वाटतं. आठवड्याभरात पुस्तकाच्या झेरॉक्सला कावीळ झाली. लेक मानसशास्त्र शिकते. तिने पानं चाळली आणि न रंगवलेल्या दोन ओळी शोधून विचारलं, "ह्यांनी काय पाप केलंय?" मग तिने मला बसवून सांगितलं, की ओळी रंगवल्याने फारसं काही लक्षात राहत नाही. पुस्तक मिटून स्वतःलाच प्रश्न विचारायचे, आणि तेच पुन्हा चार दिवसांनी विचारायचे. एबिंगहाऊस नावाच्या जर्मन माणसाने हे विसरण्याचं गणित १८८५ सालीच मांडलंय म्हणे. त्यासाठी त्याने अर्थ नसलेल्या अक्षरांच्या याद्याच्या याद्या पाठ केल्या होत्या. मला वेगळ्या याद्यांची गरज पडली नाही. 'उत्तराधुनिक इतिहासलेखनमीमांसा' अभ्यासक्रमातच होती.

तिनेच सांगितलेली दुसरी युक्ती टोमॅटोची. एका इटालियन विद्यार्थ्याने टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून अभ्यास केला: २५ मिनिटं काम, मग पाच मिनिटं विश्रांती. आमच्याकडे तसलं घड्याळ नाही, कुकर आहे. तीन शिट्या होईपर्यंत वाचायचं, असा मी नियम केला. पहिल्याच दिवशी 'ब्रिटिश जमीनमहसूल पद्धती'त इतका रमलो, की तिसरी शिटी कुठली हेच कळलं नाही. डाळ करपली. त्यानंतर माझ्या अभ्यासाची वेळ आणि स्वयंपाकाची वेळ यांत कायमचं अंतर ठेवण्यात आलं.

हे सगळं निभावलं. खरा प्रसंग चौथ्या सत्रात आला. लघुप्रबंध!

माझ्या मार्गदर्शक मॅडम लेकीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. मी त्यांना 'मॅडम' म्हणतो, त्या मला 'काका' म्हणतात, आणि या दोन हाकांच्या मधे जेवढी जागा उरते तेवढ्यात आमचं संशोधन झालं.

"विषय काय घेताय, काका?"

"महाराष्ट्राचा सामाजिक इतिहास."

त्या हसल्या नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. "किती पानांत?"

"ऐंशी."

"मग जरा लहान करू या."

पुढच्या चार भेटींत विषय धोतराचा पंचा आणि पंच्याचा रुमाल होतो तसा होत गेला. महाराष्ट्राचं पुणे झालं, पुण्याचं एकोणिसावं शतक झालं, शतकातली एक संध्याकाळ उरली आणि शेवटी हाती आला एक चहाचा कप. पंचहौद मिशनचं चहा-प्रकरण.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ऑक्टोबर १८९० मध्ये गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये पुण्यातली बडी मंडळी कार्यक्रमाला जमली. रानडे होते, टिळक होते. नंतर मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं पुढे केली. कुणी प्यायले, कुणी मान राखायला कप हातात घेऊन तसाच खाली ठेवला. हा सगळा घाट घातला होता गोपाळराव जोशींनी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंच्या यजमानांनी, आणि हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव' या वर्तमानपत्रात छापून आली तीही त्यांच्याच कृपेने. ख्रिस्ती माणसाच्या हातचा चहा म्हणजे तेव्हा धर्म बुडालाच. गावात हलकल्लोळ. बहिष्काराच्या गोष्टी झाल्या, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली. टिळकांनी सांगितलं, की मी काशीला प्रायश्चित्त घेऊन आलोय. रानड्यांनी १८९२ मध्ये मित्रांची अडचण ओळखून प्रायश्चित्त घेतलं. हल्ली हाऊसिंग सोसायटीच्या ग्रुपवर कुणी कुणाचा फोटो टाकला की जे होतं, तेच. फक्त तेव्हा ते दोन वर्षं चाललं.

आता एवढी रंगतदार गोष्ट हातात असताना ऐंशी पानं म्हणजे काय मोठंसं? मी एका बैठकीत बारा पानं लिहून नेली. पहिलं वाक्य होतं: 'प्राचीन काळापासून भारतीय संस्कृतीत पेयांना अनन्यसाधारण महत्त्व आहे.' मॅडमनी समासात लिहिलं, 'ऋग्वेदात चहा नाही.' दुसऱ्या परिच्छेदात मी 'हे सर्वश्रुतच आहे' म्हटलं होतं, तिथे 'कुणाला?' तिसऱ्यात 'असे म्हटले जाते', तिथे 'कोण म्हणतं?' बँकेत छत्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या कर्जाच्या अर्जांवर 'कारण स्पष्ट करावे' असे शेरे मारले. एकेका अर्जदाराचा चेहरा आठवला.

"आणि काका, हे 'प्रस्तुत संशोधक' कोण?"

"मीच."

"बरं. गृहीतक काय आहे तुमचं?"

"की त्यांनी चहा प्यायला."

"हे गृहीतक नाही. ही तक्रार आहे. गोपाळरावांनी ती आधीच केलेली आहे."

मी शेवटचं शस्त्र काढलं. "या विषयावर आजवर कुणीच लिहिलेलं नाही, मॅडम."

"कुणी लिहिलं नाही आणि तुम्ही वाचलं नाही, यांत फरक असतो." हे त्या इतक्या मायेने म्हणाल्या, की अपमान मला बसमध्ये बसल्यावर कळला.

मग वाचायला लागलो. रमाबाई रानड्यांच्या आठवणी वाचल्या, न. चिं. केळकरांचं टिळक-चरित्र वाचलं आणि मोठी गंमत लक्षात आली. एकाच कपाची हकिकत माणसागणिक बदलते. यजमानांनी प्रायश्चित्त घेतलेलं न रुचलेल्या पत्नीची हकिकत वेगळी, सहकाऱ्याचं चरित्र लिहिणाऱ्याची वेगळी. कोण काय म्हणतंय यापेक्षा ते कुठे उभं राहून म्हणतंय, हे आधी बघायचं असतं. इतक्या उशिरा का होईना, मला हे कळलं आणि मी ते ताबडतोब घरात लागू केलं.

"अहो, तळमजल्यावरच्यांचा मुलगा नोकरी सोडून आलाय म्हणे," बायको म्हणाली.

"हे प्राथमिक साधन की दुय्यम?"

"कामवाल्या मावशी."

"म्हणजे दुय्यम. ऐकीव."

"तो बॅग घेऊन आला तेव्हा त्या तिथे फरशी पुसत होत्या. त्याने ओल्या फरशीवरून बॅग नेली, त्यावरून भांडणही झालं."

मी गप्प बसलो. इतकं भक्कम साधन माझ्या अख्ख्या दुसऱ्या प्रकरणात नव्हतं.

टिपणांसाठी मी पोस्टकार्डाएवढी कार्डं आणली. एका कार्डावर एकच मुद्दा, वर पुस्तकाचं नाव, खाली पान नंबर. पद्धत उत्तम आहे. अट एवढीच, की घरात किराण्याची यादी करणारं दुसरं कुणी नसावं. तिसऱ्या प्रकरणातला कळीचा पान नंबर कुठेच सापडेना, तेव्हा चौकशीअंती निष्पन्न झालं, की ते कार्ड वाण्याकडे गेलंय. मी दुकानात गेलो. वाण्याने तारेला टोचलेल्या याद्यांतून ते शोधून दिलं. एका बाजूला 'प्रायश्चित्ताचे स्वरूप', दुसऱ्या बाजूला 'जाडे पोहे १ किलो, हिंग, उदबत्ती'. दोन्ही बाजू एकाच विधीच्या वाटत होत्या. पान नंबर तेवढा हिंगाच्या डागाखाली गेला होता.

तळटीपांनी तर अंत पाहिला. एकाच पुस्तकाचा लागोपाठ हवाला द्यायचा असेल तर दुसऱ्यांदा नुसतं 'तत्रैव' लिहायचं असतं. मला हा शब्द फारच आवडला आणि मी तो सढळ हाताने वापरला. मग एके रात्री दोन परिच्छेद वरचे खाली केले. सगळे 'तत्रैव' जागेवरच बसून राहिले आणि त्यांच्या वरची पुस्तकं बदलली. रमाबाईंचा संताप केळकरांच्या नावावर गेला. केळकरांचं एक संयमी वाक्य चहाच्या मळ्यांवरच्या एका सरकारी अहवालाला जाऊन चिकटलं. ती गुंतवळ सोडवायला चार दिवस लागले.

लिहून झालं. अप्पा बळवंत चौकाजवळ एक टायपिंगवाले आहेत, त्यांनी ते नेहमीच्या जुन्या मराठी फाँटात सुंदर बसवून दिलं. मग ती फाईल वाङ्मयचौर्य तपासणीला गेली. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८चे नियम आहेत. दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. दहा ते चाळीस असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्या, चाळीस ते साठ असेल तर वर्षभर घरी बसा, आणि साठच्या वर गेलं की नोंदणीच रद्द. बुडीत कर्जांची वर्गवारी करण्यात हयात गेली असल्याने मला हे ओळखीचं वाटलं. आपण कुठल्या रकान्यात पडू याची धाकधूक तेवढी नवीन होती.

अहवाल आला. साम्य: शून्य टक्के.

मी पेढे आणले. मॅडमनी पेढा खाल्ला नाही, फाईल उघडली. जुन्या फाँटातली मराठी म्हणजे आतून नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं, वरून देवनागरीचा मुखवटा. यंत्राने मुखवट्याच्या आतलं वाचलं होतं आणि असला मजकूर जगात कुणीही कधीही लिहिलेला नाही, असा प्रामाणिक निर्वाळा दिला होता. फाईल युनिकोडमध्ये आणली, 'र्‍या'च्या ठिकाणी उमटलेले शेदीडशे चौकोन हाताने काढले आणि पुन्हा पाठवली.

अडतीस टक्के.

आई शप्पथ सांगतो, मी चोरी केली नव्हती. झालं असं, की टिपणं काढताना आवडलेली वाक्यं मी जशीच्या तशी उतरवली आणि अवतरणचिन्हं द्यायची राहिली. दोन महिन्यांनी तीच कार्डं वाचताना ती वाक्यं मला माझीच वाटली. आपली भाषा हळूहळू केळकरांसारखी भारदस्त होत चालली आहे, याचा एका संध्याकाळी मला आनंदही झाला होता. बायकोला बोलावून दोन परिच्छेद वाचून दाखवले होते. ती म्हणाली होती, "हे तुमचं वाटत नाही." यंत्राच्या आधी तिला कळलं होतं.

नियमांत एक फट मात्र आहे. सर्वसामान्य माहितीचे किंवा योगायोगाने जुळलेले लागोपाठ चौदा शब्दांपर्यंतचे तुकडे धरत नाहीत. त्यानंतर मी महिनाभर बोटं मोजत लिहिलं. हे वाक्य तुम्ही हवं तर मोजून बघा, बरोबर तेरा शब्दांवर मी आणून थांबवलंय. मॅडमना ते दिसलंच. "शब्द नका मोजू, काका. पुस्तक मिटा आणि तुम्हाला काय कळलं ते मला सांगा, वाण्याला सांगाल तसं." मी पुस्तक मिटलं. बराच वेळ काहीच आलं नाही. मग जे आलं ते चार साध्या वाक्यांचं होतं, जरा ओबडधोबड, आणि त्यातल्या एकाखालीही मला तळटीप देता येईना. मॅडम म्हणाल्या, "हं. आता लिहा." तिसरं प्रकरण मी असं नव्याने लिहिलं. ते सगळ्यात लहान झालं.

साम्य नऊ टक्क्यांवर आलं. राहिला ऋणनिर्देश. नियमांत हेही लिहिलंय, की ऋणनिर्देश तपासणीत धरत नाहीत. इतक्या महिन्यांच्या सचोटीनंतर एवढी सवलत घ्यायला माझी हरकत नव्हती. भाच्याच्या एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या प्रकल्पात एक झकास दीड पानी ऋणनिर्देश होता. नावं बदलली आणि उचलला.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले सर माझ्याच वयाचे होते. त्यांनी प्रबंध पुढून उघडला, दोन पानं वाचली आणि चष्मा कपाळावर चढवला.

"प्रयोगशाळा साहाय्यकांच्या अमूल्य सहकार्याबद्दल तुम्ही आभार मानलेत."

मॅडमनी खिडकीबाहेर पाहिलं.

"हो," मी म्हणालो.

"इतिहासाच्या प्रबंधासाठी प्रयोगशाळेत काय केलंत?"

घशाला कोरड पडली होती. तोंडाला आलं ते बोलून गेलो. "चहा, सर."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला, शीर्षक नीट वाचलं आणि पेन उघडलं.

"प्यायलात, की कप नुसता हातात धरलात?"