दहापैकी सात

गणपतीच्या महाप्रसादाच्या रांगेत, हातात कागदी ताट आणि ताटात जेमतेम मीठ-लिंबू वाढून झालेलं असताना माणसाचं सांत्वन करू नये. त्याला पळता येत नाही.

"मग, घर कुठे घेतलंत?" मागे उभ्या असलेल्या काकांनी विचारलं. मी गावाचं नाव सांगितलं. न्यू जर्सीच्या मधल्या पट्ट्यातलं चारचौघांसारखं गाव. काकांनी जीभ टाळ्याला लावून "च्" केलं. "अरेरे. म्हणजे सातवालं हायस्कूल." मग दहाव्याला आल्यासारखा आवाज खाली घेऊन म्हणाले, "चालायचंच हो. पोरं हुशार असली की कुठूनही निघतात."

माझी पोरं हुशार आहेत की ढ, हे काकांना माहीत असायचं कारण नव्हतं. गाव कळलं, तेवढं पुरलं. इथे सरकारी शाळा घराच्या पत्त्यावरून ठरते.

काका मूळचे मुलुंडचे. नव्वदच्या दशकात इकडे आले. दोन्ही मुलं कधीच शिकून, नोकऱ्यांना लागून दुसऱ्या राज्यांत स्थायिक झाली. शाळेशी आता त्यांचा संबंध उरलाय तो फक्त घरपट्टीपुरता. (हा संबंध साधा नाही. २०२४ साली न्यू जर्सीतली सरासरी घरपट्टी वर्षाला १०,००० डॉलरच्या वर गेली, आणि तिच्यातला साधारण निम्मा वाटा शाळा खातात.) पण एक संकेतस्थळ शाळांना दहापैकी जे आकडे देतं, ते आसपासच्या यच्चयावत शाळांचे काकांना तोंडपाठ. कुठली नवावरून आठावर घसरली, कुठली आठावरून नवावर चढली, सगळं मुखोद्गत. त्यांच्या मते नवाच्या खाली माणसं राहतात, नाही असं नाही, पण ती नाइलाजाने.

"काका, सात म्हणजे नक्की कशाचे सात?"

"दहापैकी."

"ते कळलं. पण मोजतात काय?"

"सगळंच मोजतात. साइटवर असतं."

"तुमची मुलं शाळेत होती तेव्हा तुमच्या शाळेला किती होते?"

"तेव्हा कुठे होतं हे रेटिंग!" काका क्षणभर थांबले. "पण दहाच असणार."

रांग कोशिंबिरीपाशी अडली होती. मी आमच्या शेजारच्या गावातल्या एका छोट्या शाळेचं नाव घेतलं. "नऊ," काका तत्काळ म्हणाले. मी म्हटलं, तिथे वर्ग दुसरीपर्यंतच आहेत, आणि राज्याची परीक्षा सुरू होते तिसरीपासून. परीक्षाच नाही, तर हे नऊ आले कुठून? काकांनी चटणी वाढून घेतली, ताट दुसऱ्या हातात घेतलं आणि शांतपणे सांगितलं, "तिथे मोठ्या शाळेचे धरायचे."

मग मसालेभातापाशी काका गुप्त सल्ल्यावर आले. "आणि एक करा. शाळेच्या फॉर्मवर घरात कुठली भाषा बोलता असं विचारतात ना, तिथे मराठी लिहू नका. इंग्लिश लिहा." हे वाक्य मराठी मंडळाच्या गणपतीत, मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेला नेमाने देणगी देणाऱ्या गृहस्थांनी उच्चारलं. समोर मूर्ती होती. तिनेही ऐकलं असावं.

सल्ला साफ चुकीचा आहे, म्हणून इथेच सांगते. मराठी लिहिलं तर फार तर मुलाची एक इंग्रजीची चाळणी परीक्षा होते. येत असेल तर विषय संपला. येत नसेल तर इंग्रजीची जादा शिकवणी फुकट मिळते, आणि पुण्याहून थेट चौथीत येऊन बसलेल्या मुलाला ती हवीच असते.

आता त्या सातांबद्दल. ज्या संकेतस्थळाच्या आकड्यांवर काका माणसं तोलतात, त्याच्याच हिशेबात ७ ते १० म्हणजे सरासरीच्या वर. म्हणजे मी सरासरीच्या वर असताना माझं सांत्वन झालं. शिवाय हा आकडा त्या-त्या राज्यापुरता असतो. टेक्सासचे नऊ आणि न्यू जर्सीचे सात एका तराजूत घालता येत नाहीत, कारण परीक्षाच वेगळ्या. डॅलसहून बदली होऊन येणारे नेमके तेच करतात आणि मग सगळ्या न्यू जर्सीची कीव करत फिरतात.

आकड्यामागे मुख्यतः असतात परीक्षेचे गुण, मुलांनी वर्षभरात गाठलेली प्रगती, आणि हायस्कूल असेल तर कॉलेजची तयारी. गुण हे बऱ्याच अंशी आईबापांच्या कमाईच्या मागे चालतात, ही काही दडलेली गोष्ट नाही. ज्या गावात घर साडेआठ लाख डॉलरच्या खाली मिळत नाही, तिथल्या मुलांना गणिताची खासगी शिकवणी असते, आणि तिचं श्रेय शाळेच्या खात्यात जमा होतं. त्यामुळे शाळा काय शिकवते हे बघायचं असेल तर एकूण आकडा सोडा, प्रगतीचा वेगळा आकडा उघडा. राज्याचा शिक्षण विभाग दरवर्षी प्रत्येक शाळेचा कामगिरी अहवाल फुकट प्रसिद्ध करतो. त्यात गैरहजेरी असते, शिक्षक किती टिकतात ते असतं, प्रगत विषय किती मुलं घेतात तेही असतं. तो कुणी वाचत नाही, कारण त्यात एका आकड्यात निकाल नाही आणि रांगेत उभं राहून तो सांगता येत नाही.

खरं सांगायचं तर या प्रश्नाची मला चीड आहे. देशात ओळख झाली की आडनाव विचारायचे, आडनावावरून उमगलं नाही की "मूळ गाव कुठलं?" इथे ते विचारणं बरं दिसत नाही. म्हणून "कुठलं स्कूल डिस्ट्रिक्ट?", म्हणजे घर कुठल्या सरकारी शाळांच्या हद्दीत येतं. एका उत्तरात घराची किंमत कळते, पगार कळतो, आणि शेजारी कोण राहतं तेही. शेजारी कोण, हे तर फारच.

घर दाखवणाऱ्या रिअल्टरला हेच बोलायची चोरी आहे. १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याप्रमाणे वंश, रंग, धर्म, मूळ देश यांवरून गिऱ्हाइकाला अमुक वस्तीकडे वळवणं बेकायदेशीर. आणि "चांगली शाळा" हे त्या वळवण्याचं सभ्य नाव होऊ शकतं, म्हणून शहाणा रिअल्टर शाळेबद्दल मत देतच नाही. तुम्ही विचारा, "शाळा कशी आहे?" तो म्हणेल, "डिस्ट्रिक्टची वेबसाइट पाहा." तुम्ही विचारा, "पण तुमचं मत?" तो स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटकडे बघेल. कायदा रिअल्टरला लागू आहे. काकांना नाही.

आकड्यापेक्षा पत्त्याने जास्त लोक फसतात, आणि त्याबद्दल रांगेत कुणी चकार शब्द काढत नाही. राज्यात सुमारे ६०० स्कूल डिस्ट्रिक्ट, आणि त्यांच्या हद्दी पोस्टाने आखलेल्या नाहीत. जाहिरातीत "प्रिन्स्टन, ०८५४०" लिहिलेलं घर प्रत्यक्षात वेस्ट विंडसर, प्लेन्सबरो, साउथ ब्रन्सविक किंवा लॉरेन्समध्ये असू शकतं, आणि शाळा त्या गावाची. मॉनमथ जंक्शन मॉनमथ काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, नाही, मिडलसेक्समध्ये आहे. क्रॅनबरीला आठवीपर्यंत गावची शाळा, पण नववीपासून मुलं प्रिन्स्टनच्या हायस्कूलला जातात. वेस्ट विंडसर आणि प्लेन्सबरो ही दोन गावं दोन वेगळ्या काउंटींत, डिस्ट्रिक्ट मात्र एक. आणि एडिसनमध्ये डिस्ट्रिक्ट एक असलं तरी हायस्कुलं दोन आहेत, कुठलं मिळणार ते तुमच्या गल्लीवर.

म्हणून घराच्या जाहिरातीखाली छापलेल्या शाळेच्या नावावर सही करू नका. घरपट्टीच्या नोंदीत टाउनशिप, म्हणजे गावाचा कारभार, कुठली लिहिली आहे ते बघा, ती नोंद ऑनलाइन सापडते. मग डिस्ट्रिक्टच्या नोंदणी कार्यालयाला फोन करून पूर्ण पत्ता सांगा, अपार्टमेंट क्रमांकासकट, आणि उत्तर ईमेलने मागवा. आणखी एक विचारा: हद्दी बदलायची चर्चा चालू आहे का? नवी वसाहत उठली, वर्ग भरले, की स्कूल बोर्ड रेघ सरकवतं आणि हाकेच्या अंतरावरची शाळा परकी होते.

कागदांचा खेळ वेगळाच. लीज किंवा घराची कागदपत्रं, विजेचं वा पाण्याचं बिल, जन्मदाखला, लसीकरण. बिल नवऱ्याच्या नावावर आणि नोंदणीला बायको गेली, की खिडकीपलीकडची बाई दोन्ही नावं तीनदा वाचते. तेव्हा बिलावर दोघांची नावं आधीच घालून घ्या. पण अमुकच एक कागद आणा असं अडून बसता येत नाही, सगळा पुरावा एकत्र बघावा असा राज्याचा नियम आहे. व्हिसाची चौकशी करायचाही त्यांना अधिकार नाही, अपवाद एफ-वन व्हिसावर येणाऱ्या विद्यार्थ्याचा. खिडकीवर हे नम्रपणे म्हणावं. बाई फोन उचलते, आत कुणाशी तरी बोलते, आणि मगाशी चालत नसलेला कागद चालायला लागतो.

लशींचं पुस्तक हातातल्या बॅगेत ठेवा, कार्गोत नको. नऊ महिन्यांना दिलेली गोवराची लस इथे मोजत नाहीत, पहिल्या वाढदिवसानंतरच्या दोन मात्रा लागतात. एप्रिल २०१६ नंतर तोंडाने पाजलेले पोलिओचे थेंब धरत नाहीत, म्हणजे बूथवर रांगा लावून पाजलेले सगळे "दो बूँद" इथे शून्य. बीसीजीमुळे क्षयाची त्वचाचाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून डॉक्टरांकडे रक्तचाचणी मागा. परदेशातून आलेल्या मुलाला लशींच्या जुन्या नोंदी मिळवून द्यायला ३० दिवसांची सवलत मिळू शकते. ती आपणहून कुणी सांगत नाही.

आणि ज्यांना दहाच हवेत, त्यांच्यासाठी वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोची २०१५ ची गोष्ट. मुलांवरचा ताण पाहून तिथल्या शाळा अधीक्षकांनी पालकांना लांबलचक पत्र लिहिलं. हायस्कूलच्या सहामाही-वार्षिक परीक्षा बंद झाल्या आणि चौथीपासूनचं प्रगत गणित सहावीपासून करायचं ठरलं. त्यावर पालकांत उभी फूट पडली. आपल्यातले बरेच जण "दर्जा घसरवला" म्हणणाऱ्या बाजूला होते. चौथीतल्या पोराचं गणित दोन वर्षं पुढे ढकललं म्हणून मोठी माणसं सभेत आवाज चढवतात, हे मला अजूनही धड हसण्यावारी नेता येत नाही.

आता बस. ही राहूनच जाते आणि ऑगस्टअखेर रडवते. आठवीपर्यंतच्या मुलाचं घर शाळेपासून दोन मैलांहून लांब असेल, हायस्कूलच्या मुलाचं अडीच मैलांहून, तरच बस देणं डिस्ट्रिक्टला बंधनकारक. १.९ मैलांवर असाल तर चाला. मध्ये चौपदरी रस्ता असला आणि फूटपाथ नसला, तर तो मार्ग धोक्याचा ठरवून घ्यायला डिस्ट्रिक्टच्या आणि टाउनशिपच्या मागे लागा, नाहीतर पैसे भरून बसमधली उरलीसुरली जागा मिळते का बघा. तिचे अर्ज बऱ्याच ठिकाणी सुट्टी लागायच्या आतच संपतात. आणि हे अंतर गाडीच्या मीटरवर मोजू नका, फोनच्या नकाशावरही नको. वाहतूक विभागाला विचारा. ते सांगतील तेवढंच ते अंतर.