परदेशी विद्यार्थ्यांना ‘४०० पाऊंड’: त्या संदेशात खरे किती?

ब्रिटनला निघालेल्या मुलांच्या आणि त्यांच्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश फिरतो: ‘कमी उत्पन्नाच्या परदेशी विद्यार्थ्यांना ब्रिटिश सरकार वीजबिलासाठी ४०० पाऊंड देते, शिवाय हिवाळ्यात १५० पाऊंडांची सूट मिळते, खालच्या लिंकवर अर्ज करा.’ त्याखाली हमखास कोणीतरी बजावतो, की अशी मदत घेतली तर व्हिसा जातो.

४०० पाऊंडांची योजना खरी होती. मात्र ती ऑक्टोबर २०२२ ते मार्च २०२३ या एकाच हिवाळ्यापुरती होती आणि तिचा ना उत्पन्नाशी संबंध होता, ना शिक्षणाशी. सूट मिळत होती ती घरगुती वीजजोडणीला, खातेदार कफल्लक असो वा गर्भश्रीमंत. लेस्टरला आम्ही चौघी भाड्याच्या घरात राहत होतो आणि विजेचे खाते एकीच्या नावावर होते. तिच्या खात्यात पहिले दोन महिने ६६ आणि पुढचे चार महिने ६७ पाऊंड आपोआप जमा झाले, आणि ते चौघींत वाटून घ्यायचे की नाही यावर स्वयंपाकघरात रीतसर बैठक झाली. याउलट व्यावसायिक दराची जोडणी असलेल्या मोठ्या वसतिगृहांतल्या मुलांच्या हाती काहीच आले नाही. घरमालक घरगुती जोडणीचे बिल भाड्यातच धरत असेल, तर त्याने ही सूट भाडेकरूपर्यंत पोहोचवावी, असा कायदा मात्र होता.

अर्जाचे म्हणाल, तर ज्यांचे पुरवठादाराकडे थेट खाते होते त्यांना अर्ज करावाच लागत नव्हता. जुन्या प्रीपेड मीटरवाल्यांना व्हाउचर येत. त्यामुळे आज या योजनेच्या नावाने बँकेचा तपशील मागणारी लिंक सरळसरळ फसवणुकीची समजावी.

१५० पाऊंडांची ‘वॉर्म होम डिस्काउंट’ ही सूट आजही चालू आहे. तिची पात्रता मुख्यतः युनिव्हर्सल क्रेडिट, पेन्शन क्रेडिट अशा सरकारी भत्त्यांवरून ठरते आणि विद्यार्थी व्हिसावर हे भत्ते घेता येत नाहीत. मुळात निर्वाहाला पुरेल एवढी रक्कम सलग २८ दिवस खात्यात दाखवून ज्याने व्हिसा मिळवला, त्याच्यासाठी ‘कमी उत्पन्न’ असा सरकारी रकानाच नसतो, मग प्रत्यक्षात तो थंडीत हीटर बंद ठेवून का बसेना.

व्हिसा जाण्याच्या भीतीचे मूळही विद्यार्थी व्हिसावर सरकारी भत्ते न घेण्याच्या याच अटीत आहे, पण ती अट नीट वाचायला हवी. इमिग्रेशनच्या नियमांत निषिद्ध ‘सार्वजनिक निधीं’ची नावानिशी यादी आहे आणि बिलावरची ती ४०० पाऊंडांची सूट त्या यादीत नव्हती. विद्यापीठाचा स्वतःचा हार्डशिप फंड, म्हणजे पैशांच्या अडचणीत सापडलेल्या विद्यार्थ्यांसाठीचा निधी, तोही तीत मोडत नाही. या भीतीपोटी मुले विद्यापीठाकडेही जात नाहीत, आणि मला या संदेशापेक्षा त्याखालच्या त्या शेऱ्याचा जास्त राग येतो.

बिल थकलेच, तर पुरवठादाराला आधी कळवावे. परवडेल अशा हप्त्यांची सोय करून देणे ऑफजेमच्या, म्हणजे ब्रिटनच्या वीज-गॅस नियामक संस्थेच्या, नियमांनुसार त्याच्यावर बंधनकारक आहे. घरमालक स्वतः वीज विकत घेऊन भाडेकरूला देत असेल, तर त्याला स्वतःला पडलेल्या दरापेक्षा जास्त आकारता येत नाही. तेव्हा त्याचे मूळ बिल मागावे. आणि घराची किल्ली हाती येईल त्याच दिवशी मीटरच्या आकड्यांचा फोटो काढून ठेवावा, नाहीतर आधीच्या भाडेकरूची वीज तुमच्या माथी येते.