पाव बाक

गेल्या मंगळवारी सकाळी पर्वतीवर एका गृहस्थांनी मला बाकावरून उठवले, आणि तेही आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार वाग्भट याचा आधार देऊन. उठवले जाण्याचे मला एवढे दुःख नाही. पुण्यात माणूस कुठे ना कुठे उठवला जातोच. परंतु ज्या ग्रंथाच्या भरवशावर मी त्या बाकापर्यंत पोहोचलो होतो, त्याच ग्रंथाने मला तिथून हाकलून द्यावे, हे मला अजून पचलेले नाही.

यंदा आश्विन लागताच मी ऋतुचर्या, म्हणजे ऋतूप्रमाणे खाणे-वागणे, पाळायचे ठरवले होते. मोठे संकल्प मी सोडून दिले आहेत, कारण जानेवारीत भरलेली व्यायामशाळेची वर्षाची वर्गणी संक्रांतीचा तिळगूळ संपेपर्यंतसुद्धा माझ्याकडून वसूल झाली नव्हती. त्या मानाने वाग्भट फार समजूतदार आहे. सरत्या ऋतूचा शेवटचा आठवडा आणि येणाऱ्या ऋतूचा पहिला आठवडा मिळून ऋतुसंधी होतो, त्या काळात जुने वागणे हळूहळू सोडावे आणि नवे हळूहळू धरावे, एकदम बदल केल्यास आजार होतात, असे त्याच्या अष्टांगहृदय या ग्रंथात सांगितले आहे. अंगी मुरलेली वाईट सवयसुद्धा चतुर्थांशाने सोडावी, आणि तेही झेपत नसेल तर चतुर्थांशाच्या चतुर्थांशाने, म्हणजे सोळाव्या हिश्श्याने सोडावी, अशी मुभा त्याच ग्रंथात आहे. आळशी माणसाची एवढी कदर करणारा दुसरा शास्त्रकार मला माहीत नाही.

मी दिवसाला चार कप चहा पितो. चतुर्थांशाने सुरुवात करायची तर सबंध एक कप जात होता, म्हणून मी थेट सोळाव्या हिश्श्यावर आलो. चार कपांचा सोळावा हिस्सा म्हणजे पाव कप. तो मी संध्याकाळच्या कपातून, साय मागे राहील अशा बेताने, बशीत काढून ठेवू लागलो. बायको ती बशी शांतपणे उचलून पिऊन टाकी आणि "तुझ्या संकल्पाने माझा चहा वाढला" असे म्हणून बशी माझ्यासमोर पालथी घाली.

पर्वतीचेही तसेच केले. पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत आणि १०३चा चतुर्थांश पावणेसव्वीस होतो. पाऊण पायरीवर उभे राहता येत नसल्याने मी पहिल्या दिवशी सव्विसाव्या पायरीवर थांबलो, म्हणजे शास्त्रापेक्षा पाव पायरी अधिकच चढलो. असे करत मंगळवारी मी प्रथमच वर पोहोचलो. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली ज्या टेकडीवर देवदेवेश्वराचे मंदिर उभारले, त्याच टेकडीवर पानिपतानंतर, १७६१ साली, त्यांचा अंत झाला. तेव्हा खचलेल्या माणसाने पर्वतीवर येऊन बसण्याची प्रथा जुनी आहे, असा विचार करत मी एका रिकाम्या बाकावर टेकलो, पिशवीतून ताकाची बाटली काढली आणि झाकण उघडले.

"काय पिताय?"

बाकाच्या मागे एक आजोबा उभे होते. ऑक्टोबरच्या उकाड्यात त्यांनी कानटोपी घातली होती, तिच्यावरून मफलर गुंडाळला होता, काखेत वर्तमानपत्राची घडी होती आणि हातात छत्री होती. त्यांची नजर माझ्या बाटलीवर अशी खिळली होती की मी नकळत तिच्यावर तळहात ठेवला.

"ताक," मी म्हणालो.

"आश्विनात?"

"हो. ऋतुचर्या पाळतोय जरा."

"शरदात दही वर्ज्य आहे."

"हे ताक आहे, आजोबा."

"दह्याचंच ना?"

या प्रश्नाला नाही म्हणता येत नव्हते.

"वैद्यांनी सांगितलंय, का स्वतःच वाचलंय?"

"स्वतःच वाचलंय."

"तरीच," असे म्हणून ते बाकाला वळसा घालून पुढे आले. "दुपारी झोपता?"

"रविवारी थोडा पडतो."

"ग्रीष्मात ठीक आहे. शरदात दिवसा झोपायचं नाही."

वाग्भट परंपरेप्रमाणे सिंध प्रांतातला होता. तो सदाशिव पेठेतला असता तर हा नियम त्याने लिहिला नसता. मी हे मनात म्हणालो, तोंडाने म्हणालो नाही, कारण आजोबांनी तोवर तर्जनी जिभेला लावून हवेत उभी धरली होती.

"आपलं तोंड कुठल्या दिशेला आहे?"

"पूर्वेला."

"आणि वारा कुठून येतोय?"

मला वारा जाणवतच नव्हता. घाम मात्र जाणवत होता.

"पूर्वेकडून. याला म्हणतात पुरोवात. शरदात पुरोवात अंगावर घ्यायचा नाही. सूत्रस्थान, अध्याय तिसरा."

मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकलो. त्यांनी छत्रीच्या टोकाने माझ्या गुडघ्यावर पडलेली कोवळ्या उन्हाची तिरीप दाखवली. "आतप. तोही वर्ज्य." मी समोरच्या गवताकडे पाहिले. "दव आहे. तुषार." ते कठड्यावर बसतील एवढ्या जोरात मला ओरडावेसे वाटले, पण पर्वतीवर सकाळी लोक देवदर्शनाला येतात.

"मग मी बसू कुठे?"

"बसायला सांगितलंय कोणी? फिरायला आलात ना? फिरा."

मी उठलो. वयाच्या पन्नाशीतला, दोन मुलांचा बाप असलेला मी, हातात उघडी बाटली घेऊन मुकाट्याने उठलो, हे मला इथे कबूल केले पाहिजे. आजोबांनी वर्तमानपत्र उलगडून बाकावर अंथरले, कोपरे हाताने सपाट केले आणि ज्या जागी मी बसलो होतो, बरोबर त्याच जागी, पूर्वेकडे तोंड करून ते बसले.

"आजोबा, पुरोवात?"

"मला तो सात्म्य झालाय," ते डोळे मिटून म्हणाले. "बावीस वर्षं बसतोय इथे. अंगवळणी पडलेलं अपथ्य एकदम सोडलं तर रोग होतात. वाचलंय म्हणालात ना?"

आता मात्र ते माझ्या हद्दीत आले होते. "वाचलंय," मी म्हणालो. "चतुर्थांशाने सोडायचं असतं."

त्यांनी डोळे उघडले. थोडा वेळ ते खरोखरच विचार करत होते, हे मी त्यांच्या श्रेयासाठी नमूद करतो. मग त्यांनी वर्तमानपत्राची कडा उचलली, वीतभर आत दुमडली, पुन्हा वीतभर दुमडली, आणि डोळ्यांनी माप घेऊन बाकाचा चौथा भाग मोकळा केला.

"हा सोडला. पण तिथे ऊन आहे, आधीच सांगतो."

मी त्या पाव बाकावर बसून ताक प्यायलो. ते आंबट झाले होते.

तिथे बसल्या बसल्या मला आजीची आठवण झाली आणि अधिकच राग आला. ऋतुचर्या हा शब्द आजीच्या तोंडी मी कधी ऐकला नाही. आषाढातल्या कांदेनवमीला ती दिवसभर कांदाभजी तळत असे, पाठोपाठ आलेल्या एकादशीला चातुर्मास लागला की कांदा, लसूण आणि वांगी घरातून नाहीशी होत, आणि वांग्याचे भरीत ताटात दिसे ते थेट मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला. पाडव्याला कडुलिंबाची पाने चावायची, संक्रांतीला तीळ खायचे, कोजागरीला दूध आटवायचे. ऋतू बदलला की ताट बदलत असे, आणि तिला कोणीही "स्वतःच वाचलंय का" असे विचारले नाही. मी मात्र पाव कप चहा सोडला तर घरात हिशेब मांडला जातो.

कोजागरीचे तर नावच काढू नये. शरदात दिवसा उन्हाने तापलेले आणि रात्री चांदण्याने निवलेले पाणी प्यावे, त्याला हंसोदक म्हणतात, असे वाचून मी तांब्याभर पाणी गॅलरीत ठेवले होते. आमच्या गॅलरीत चंद्र येत नाही. समोरच्या इमारतीवरच्या जाहिरातीच्या फलकाचा उजेड येतो, तो आलटून पालटून गुलाबी आणि निळा असतो. गच्चीवर ठेवावे तर गच्चीला कुलूप, आणि किल्ली सोसायटीच्या चिटणिसांकडे, आणि चिटणिसांचे म्हणणे असे की पाण्याच्या टाक्या असल्यामुळे गच्ची वैयक्तिक कारणासाठी उघडता येणार नाही. कोजागरीला तेवढी आठ ते दहा उघडतात, माणशी पन्नास रुपये घेतात, आणि मसाला दुधात काही पडू नये म्हणून वर मोठा दिवा लावतात. चांदणे अंगावर घेण्यासाठी वर्षातले दोन तास, आणि तेही दिव्याखाली! यात मला अजिबात विनोद दिसत नाही.

शिवाय ऋतू तरी कुठे वेळेवर आहेत? ऋतुसंधीचा पंधरवडा मोजायचा तर पाऊस कधी गेला हे कळायला हवे, आणि यंदा तो निरोप घेऊन दोनदा परत आला. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आले, त्याला शंभर वर्षे होत आली, तरी आम्ही त्या इमारतीला सिमला ऑफिसच म्हणतो. ज्या गावाने एवढ्या वर्षांत एका नावाचा सोळावा हिस्सासुद्धा सोडलेला नाही, त्या गावात मी बाकाचा पाऊण भाग मागायला निघालो होतो.

तरीही बुधवारी मी गेलो नाही आणि गुरुवारी गेलो, तो मुद्दाम अर्धा तास लवकर. पायऱ्यांवर अजून अंधार होता. वर कोणीही नव्हते. बाकावर मात्र वर्तमानपत्र अंथरलेले होते, चार कोपऱ्यांवर चार दगड होते. मी मोबाइलचा उजेड पाडून तारीख पाहिली. अंक पितृपंधरवड्यातला होता. वीतभर, आणि पुन्हा वीतभर, अशा दोन घड्या घालून तो नेमका पाऊण बाकावर बसवलेला होता, आणि उरलेला पाव बाक दवाने ओला होता.