‘मेश बारीक करा, झालं’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं मला असं समजलं: जेट विमानाच्या इंजिनापुढच्या हवानळीसारख्या खोल, उघड्या पोकळीतून रडारचे तरंग कसे परततात हे काढायला तरंगलांबीमागे १० बिंदूंची मेश (हिशेबासाठी जागेचे छोटे तुकडे पाडणारी जाळी) पुरते, मशीन मोठं घेतलं की प्रश्न मिटतो, आणि मी ज्या आयताकृती पोकळीवर लिहिलं तशी पोकळी विमानात नसतेच.

आधी मशीनचा मुद्दा, कारण माझा खरा विरोध तिथेच आहे. १० गिगाहर्ट्झला तरंगलांबी ३ सेंटिमीटर. नळी १ मीटर रुंद, तेवढीच उंच आणि ३ मीटर खोल धरली, तर ती १०० तरंगलांब्या खोल होते. १० बिंदूंच्या हिशेबाने मेशची ११ कोटींवर घरं, प्रत्येक घरात विद्युतक्षेत्राचे ३ घटक. क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या अनेक संगणकांवर, हे चालेल, मान्य. पण येणारं उत्तर बरोबर असेल का? साध्या द्वितीय श्रेणीच्या फायनाइट डिफरन्समध्ये (शेजारच्या बिंदूंवरच्या किमतींच्या फरकांवरून समीकरण सोडवण्याची पद्धत; श्रेणी जितकी वरची, तितकी मेश बारीक केल्यावर चूक झपाट्याने घटते) १० बिंदूंवर, मेशच्या अक्षाने जाणाऱ्या तरंगाची लांबी सुमारे १.७ टक्के कमी भरते. अर्ध्या तरंगलांबीच्या अँटेनाला याने फारसं बिघडत नाही. नळीत मात्र तरंग तळाशी आपटून परत येतो, म्हणजे २०० तरंगलांब्यांचा प्रवास, आणि चूक साचून ३ पूर्ण तरंगांच्या वर जाते. तोंडाच्या कडेवरून परतलेला तरंग आणि तळावरून परतलेला तरंग एकमेकांत भर घालतात की एकमेकांना मारतात, हेच मग सांगता येत नाही. आणि आपल्याला नेमकं तेच हवं असतं! बिंदू २० केले तर घरं आठपट होतात, तरी ०.८ तरंगाची चूक उरतेच. फायनाइट एलिमेंट या दुसऱ्या मेशवाल्या पद्धतीचीही यातून सुटका नाही. बाबुश्का आणि साउटर या गणितज्ञांनी १९९७ मध्येच दाखवलं की एकाहून अधिक मितींत ही साचणारी चूक पूर्णपणे टाळता येत नाही. ती टळत नसली तरी कमी व्हावी, म्हणून चौथ्या श्रेणीची पद्धत घ्या असं मी म्हणतो.

आता आयताकृती पोकळी. खऱ्या नळ्या वळणदार असतात, हे तुमचं बरोबर. पण द्विमितीय आयतात रुंदीच्या दिशेने साइन ट्रान्सफॉर्म घेतला, म्हणजे क्षेत्र साइन-लहरींच्या बेरजेत मांडलं, की प्रत्येक मोड (अशी एकेक लहर) सुटा होतो, खोलीच्या दिशेची समीकरणं एकेक करून सोडवता येतात, आणि शेवटी अज्ञातं उरतात ती फक्त तोंडावरची. वरच्याच मापांत ३.३ लाखांऐवजी साधारण ३३०. बाओ आणि सन यांचा २००५ चा पेपर याच वाटेने जातो. एवढं स्वस्त उत्तर हाती असलं की मेश दामदुपटीने बारीक करून ते तपासता येतं, आणि वळणदार नळीचा सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारा प्रोग्राम) आधी त्यावर घासून बघता येतो. नळीत किरण पाठवून त्यांची उसळी मोजणाऱ्या पद्धतीलाही अशी कसोटी लागतेच.

तुमच्याकडे सॉफ्टवेअर आहे, तर एक करून बघा. अशी आयताकृती पोकळी १०, १५ आणि २० बिंदूंवर चालवा, फ्रिक्वेन्सी बारीक पावलांनी बदलत न्या आणि परतणाऱ्या तरंगाच्या ताकदीचे तिन्ही आलेख एकावर एक ठेवा. शिखरं जागची हलतात का, ते इथेच कळवा. आलेख पाठवलेत तर त्यावर सविस्तर लिहीन.