आधी बसा, मग विचारा

वॉर्डात नवा पेशंट आला की त्याची हिस्टरी घेणं म्हणजे आपल्याकडे फॉर्म भरणं होऊन बसलंय. याचा मला मनापासून त्रास होतो, म्हणून लिहितेय. बीपी आहे? शुगर? आधी काही ऑपरेशन? कसली ॲलर्जी? नाही, नाही, नाही, नाही. सही, पुढचा बेड. सिस्टर उभी, नजर कागदावर, आणि उत्तरं देतोय उशाशी उभा असलेला पुतण्या. ज्याला दुखतंय तो माणूस गप्प पडून आहे.

‘हिस्टरी डॉक्टर घेतातच, तुम्ही परत तेच कशाला विचारता?’ असं नातेवाईक विचारतात. कधीकधी आमचेच लोकही विचारतात. पण ते तेच नसतं. डॉक्टर आजार शोधायला विचारतात. आम्हा नर्सेसना हे कळायला हवं असतं की हा माणूस त्या आजारासकट घरी कसा जगतो. रात्री लघवीला एकटा उठतो का, कुठल्या कानाने ऐकू येतं, जेवण कोण रांधतं, इन्सुलिन कोण टोचतं आणि त्या माणसाला सिरिंजवरचे आकडे नीट दिसतात का. फाईलवर ‘इन्सुलिन चालू’ एवढंच असतं. टोचणाऱ्या आजोबांच्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, हे विचारल्याशिवाय कसं कळणार?

काजूच्या हंगामात गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातून एक आजी ताप घेऊन आल्या होत्या. मुलगा भराभर सांगत होता: चार दिवस ताप, डोकं दुखतं, अंग दुखतं, बाकी काही नाही, ती घरीच असते. मी स्टूल ओढून बसले आणि आजीलाच विचारलं, ‘‘आजी, सकाळीं उठून कितें कितें करता गो?’’ मग आजी सांगू लागली. चूल, चहा, मग काजूच्या बागेत बोंडू वेचायला, येताना सुक्या लाकडांची मोळी, दमलं की तिथेच सुक्या पानांच्या पातेऱ्यावर टेकायचं. आणि जाता जाता, काही विशेष नसल्यासारखं, ‘‘थंय माकड मरून पडिल्लें, घाण येताली.’’ तिथे माकड मरून पडलं होतं, घाण येत होती.

मुलगा खोटं बोलत नव्हता. त्याच्या हिशेबी बागेत जाणं म्हणजे घरीच असणं. पण सत्तरीत हे एक वाक्य फार मोलाचं आहे. २०१५ साली पाली गावात माकडतापाचे रुग्ण सापडले, तेव्हापासून इथे हा आजार ठाऊक आहे. १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या रानात तो पहिल्यांदा ओळखला गेला. गोचीड चावून पसरतो, माकडं मरतात, आणि त्याचे दिवस साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे काजूचा सगळा हंगाम त्यात येतो. आजीचं बोलणं मी लगेच डॉक्टरांच्या कानावर घातलं आणि रक्त त्याच दिवशी त्या तपासणीला गेलं. फॉर्मवर ‘व्यवसाय’ या रकान्यात तिच्या नावापुढे ‘गृहिणी’ लिहिलं होतं.

पावसाळ्यात हाच प्रश्न लेप्टोसाठी, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापासाठी लागतो. अनवाणी चिखलात उतरला होता का, पायाला कुठे चिरलंय का. रकाना भरून हे निघत नाही, दिवसभराचं विचारावं लागतं.

१८५९ साली आधुनिक नर्सिंगचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलने लिहून ठेवलंय की ‘रात्र बरी गेली का?’ असं विचारू नका. किती तास झोप लागली आणि रात्रीच्या कुठल्या वेळी, असं विचारा. कारण ‘बरी’ म्हणजे काय, हे प्रत्येकाचं वेगळं. आणि १९८४ साली अमेरिकेत डॉक्टरांच्या तपासण्यांचं रेकॉर्डिंग ऐकून झालेल्या अभ्यासात दिसलं की पेशंट बोलू लागल्यावर सरासरी १८ सेकंदांत त्याला मध्येच तोडलं जातं. आपण नर्सेस यात मागे असू असं मला वाटत नाही. गप्प बसणं शिकावं लागतं. आपल्याकडचा माणूस मुद्द्याची गोष्ट शेवटी सांगतो, आधी बस किती वाजता मिळाली, भावजय काय म्हणाली, हे सगळं येतं. ते येऊ द्यावं. ‘मागीर?’, म्हणजे ‘मग?’, एवढंच म्हणावं.

आता दारूचं. गोव्यात हा प्रश्न सगळ्यात वाईट विचारला जातो. बायको शेजारी उभी, मोठ्या आवाजात ‘दारू पिता का?’, उत्तर अर्थात ‘नाही’. बिअरला कोणी दारू म्हणत नाही, उन्हाळ्यातला उर्राक, म्हणजे काजूची हलकी दारू, मोजत नाहीत, सर्दीला घेतलेली फेणी तर औषधच. आणि आपण तो ‘नाही’ लिहून मोकळे. रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत हात कापू लागतात, आणि काहींना पहिल्या दोन दिवसांत झटके येतात, दोन-तीन दिवसांनी भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. स्कूटरवरून पडून पाय मोडलेला माणूस तिसऱ्या दिवशी सलाइन उपटून पळू लागतो तेव्हा वॉर्डभर धावपळ होते, नातेवाईक म्हणतात भूल चढली. बायकोला चहा घ्यायला पाठवा, पडदा ओढा आणि शांतपणे विचारा, ‘संध्याकाळी काय घेता? शेवटची कधी घेतली?’ आवाजात शिक्षा नसली की माणूस खरं सांगतो, असाच माझा अनुभव आहे.

बायकांच्या बाबतीत तर पडदा हवाच. सासू किंवा नवरा ऐकत असताना कुठलीही बाई पाळी चुकल्याचं, अंगावरून जात असल्याचं किंवा दंडावरचा काळानिळा डाग कशाचा ते सांगणार नाही. ‘पडली’ म्हणेल. नातेवाईकांना पाच मिनिटं बाहेर थांबवणं हा उद्धटपणा नाही, आणि यावरून कोणी आवाज चढवला तर इन्चार्जने आपल्या सिस्टरच्या बाजूने उभं राहायला हवं.

ॲलर्जीचंही तेच. ‘ॲलर्जी आहे का?’ ऐवजी ‘कधी गोळी-इंजेक्शननंतर अंगावर गांधी उठल्या का, ओठ सुजले का?’ विचारून बघा.

स्टुडंट मुलींनी केस स्टडीसाठी डॉक्टरांच्या फाईलमधून हिस्टरी उतरवून काढलेली मी बघते तेव्हा राग त्यांचा येत नाही. त्यांना मार्क त्या कागदावर मिळतात, पेशंटशी कशा बोलल्या हे बघायला बेडपाशी कोणी उभं राहत नाही. आणि भरलेल्या वॉर्डात दोन सिस्टर, त्यात तीन ॲडमिशन एकदम, हे मला ठाऊक आहे. मी तेच काम करते. म्हणूनच म्हणते, ॲडमिशनची ती दहा मिनिटं ड्युटीच्या हिशेबात धरा. इंजेक्शनची वेळ जशी कोणी खाऊ शकत नाही तशी ही वेळही राखून ठेवा. बेडपाशी एक स्टूल ठेवा, तो इतर कामाला उचलून नेऊ नका.

नातेवाईकांना एवढंच. घरून निघताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला, वैद्याचं चूर्ण आणि काढाही, लपवू नका. आणि सिस्टर आजीला काही विचारत असेल तर आजीलाच बोलू द्या.