चिंचोका विष ओढत नाही, चिकटतो

मंगळवेढ्याकडच्या वस्तीवरनं आत्याचा फोन आला, तेव्हा नातवाला विंचू चावून दीड तास झाला होता. कडब्याची पेंढी ओढताना बोटाला डसला. "चिंचोका लावलाय, रडायचा थांबलाय. पण घामानं सदरा भिजलाय बघ, दोनदा ओकलाबी."

हा चिंचोका कुठून आला ते मला ठाऊक होतं. घरच्या ग्रुपवर आठवडाभर फिरत होता: चिंचोका घासून चिकटवा, विष ओढून घेतो नि गळून पडतो. दुखायचं थांबलं की विष उतरलं. वर दोरी आवळा. काळा विंचू जहाल, लाल साधा.

घोंगडीला चिंचोक्याची खळ का लावतात? चिकट असते म्हणून. घासलेला चिंचोका ओल्या कातडीला धरतो, वाळला की पडतो. विंचू न चावलेल्या हातावर लावा, तिथूनही तेवढ्याच इमानदारीनं पडेल.

पण जीव घेणारं वाक्य आहे ते 'दुखायचं थांबलं की विष उतरलं'. लाल विंचवाचं विष अंगात भिनतं तेव्हा चावल्या जागी फारसं दुखतच नाही. उलटी, दरदरून घाम, हातपाय गार, मग रक्तदाब चढतो, हृदय थकतं, फुप्फुसात पाणी भरतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी ही लक्षणं १९८२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडली, १९८६ साली तिथेच प्राझोसिनचा उपाय. रक्तदाबाची साधी गोळी. त्याआधी फुप्फुसात पाणी झालेल्या शंभरातले २५-३० दगावायचे, नंतर ४ च्या आत आले. बरं होताना दुखणं परत येतं, हेही त्यांचंच निरीक्षण. म्हणजे मेसेज बरोब्बर उलटा. (गोळी डॉक्टरनंच द्यायची. घरी देऊन रक्तदाब पाडू नका.)

लाल-काळ्याचंही उलटंच. जाड नांग्यांची काळी इंगळी दिसते भयंकर, पण जीव घेतो तो बारीक नांग्यांचा लाल. दोरीनं फक्त बोट काळंनिळं होतं.

हां, बहुतेकांना विंचू चावून नुसती आग होते नि दुसऱ्या दिवशी माणूस कामाला लागतो, हे खरंय. चिंचोक्याचं नाव झालं ते त्यांच्याच जिवावर.

मी आत्याला म्हणालो, चिंचोका राहू दे, गाडी काढायला सांग. दवाखान्यात गोळी दिली, रात्रभर रक्तदाब बघत बसले. पहाटे पोराचे पाय गरम झाले आणि बोट दुखतंय म्हणून त्यानं भोकाड पसरलं.